जावाचा ऊस, सांगलीचं सभागृह : दूरच्या प्रदेशावर पहिलं व्याख्यान देणाऱ्यांसाठी

‘इंडोनेशिया : समाज, संस्कृती आणि आर्थिक विकास’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर छापायला सोपा, पण त्यावर वीस मिनिटं बोलता येत नाही. सुमारे १७ हजार बेटं आणि शेकडो भाषा असलेला देश आहे तो. सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांतले विद्यार्थी अग्रणी महाविद्यालय योजनेच्या कार्यशाळेत किंवा एकदिवसीय चर्चासत्रात पहिल्यांदा उभे राहतात, तेव्हा बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. शीर्षक तसंच ठेवलं जातं आणि मग राजधानी, चलन, धर्म, जीडीपी अशी सामान्यज्ञानाची उजळणी होते.

म्हणून आधी एक प्रश्न पकडा, आणि तो आपल्या श्रोत्याला डाचेल असा पकडा. उदाहरणार्थ : इंडोनेशियातल्या जावा बेटावर शंभर वर्षं साखर कारखानदारी भरभराटीला आली, तरी तिथला शेतकरी कारखान्याचा मालक का झाला नाही? कृष्णाकाठच्या कुठल्याही सभागृहात या प्रश्नाला माणसं सरसावून बसतात. समाज, संस्कृती आणि विकास हे तिन्ही शब्द या एका प्रश्नातून आपोआप येतात.

उत्तराची मांडणी काळाच्या क्रमाने करा. १८३० मध्ये डच गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉश यांनी सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. गावाने जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाला द्यायचा, असा नियम होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याहून जास्त जमीन गेली. १८७० च्या कायद्यांनंतर खासगी डच कंपन्या आल्या आणि त्यांनी गावकऱ्यांची भातखाचरं खंडाने घेतली. इथे जरा थांबा, कारण सगळी गोम इथे आहे. ऊस आणि भात एकाच पाण्याच्या शेतात फेरपालटाने घेतले जात. कारखाना आपल्या मजुरांकडून सऱ्या खोदून ऊस लावायचा, तोडणी झाली की शेत भातासाठी परत द्यायचा. त्यामुळे खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, सहसा ठेवलाच जात नसे. जमीन शेतकऱ्याची, पण ऊस कारखान्याचा. सांगलीतल्या माणसाला ‘खोडवा नव्हता’ हे एक वाक्य सांगितलं की पुढचं अर्धं त्याला न सांगता कळतं.

पुढचा भाग भराभर घ्या. १९३० च्या मंदीआधी जावा हे क्युबाच्या खालोखाल साखर निर्यात करणारं बेट होतं. मंदीत बहुतेक कारखाने बंद पडले. १९५७-५८ मध्ये डच मालमत्तेचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये सरकारने जमीन खंडाने घेण्याऐवजी शेतकऱ्यानेच ऊस पिकवावा असा आदेश काढला, आणि खोडव्याचं प्रमाण वाढलं. आज इंडोनेशिया जगातल्या मोठ्या साखर आयातदारांपैकी एक आहे.

तुलना करताना तोल सांभाळा. ‘आपल्याकडे सहकार, तिकडे गुलामगिरी’ असं म्हटलं की टाळ्या पडतात, पण विषय तिथेच संपतो. आपल्याकडचा शेतकरी सभासद झाला हे खरं, पण फडात कोयता चालवणारा ऊसतोड मजूर सभासद नसतो. मालकीची तुलना करायची तर दोन्हीकडच्या तोडणाऱ्याचा उल्लेख आलाच पाहिजे. तो टाळणारं व्याख्यान आम्ही अपुरं मानतो.

एका सिद्धान्ताबाबत सावध राहा. जावात भातखाचरांत जास्तीत जास्त माणसं सामावली गेली आणि गरिबी सगळ्यांत वाटली गेली, अशी मांडणी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये केली. ती आकर्षक आहे, म्हणून नवखे वक्ते ती निकाल लागल्यासारखी सांगतात. नंतरच्या अभ्यासकांनी गावपातळीवरच्या नोंदी तपासून दाखवलं की भूमिहीन आणि मोठे जमीनदार ही दरी गावात आधीपासून होती. दोन्ही बाजू सांगायला दीड मिनिट पुरतं.

आता आकड्यांकडे. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. इंडोनेशियन कागदपत्रांत हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. म्हणजे १.२५० हे सव्वा नव्हे, बाराशे पन्नास. ‘जुता’ म्हणजे १० लाख, ‘मिलियार’ म्हणजे १०० कोटी, ‘त्रिलियून’ म्हणजे १ लाख कोटी. हे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जुन्या डच नोंदींत जमीन ‘बाऊ’त आणि साखर ‘पिकुल’मध्ये असते. एक बाऊ ०.७१ हेक्टर, म्हणजे आपले ७० गुंठे. एक पिकुल ६१.७६ किलो. सभागृहात हेक्टर सांगण्यापेक्षा गुंठे सांगा.

दुसरी चूक डॉलरची. १९९८ मध्ये इंडोनेशियाचं उत्पन्न स्थिर किमतींना, म्हणजे महागाईचा परिणाम वगळून, सुमारे १३ टक्क्यांनी घटलं. पण डॉलरमधला आलेख पाहिला तर ते वर्षभरात निम्म्याहून खाली आलेलं दिसतं. कारण रुपिया कोसळला. १९९७ च्या मध्याला एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत, ते वर्षभरात १५ हजारांच्या पुढे गेले. कारखाने आणि शेतं निम्मी नाहीशी झाली नव्हती. आलेखावर ‘चालू डॉलर’, ‘स्थिर किमती’ की ‘क्रयशक्ती समता’ हे लिहिलं नसेल, तर तो आलेख दाखवू नका. आकडे जागतिक बँकेच्या विकास निर्देशांकांतून आणि इंडोनेशियाच्या बीपीएस या सांख्यिकी कार्यालयातून घ्या. पिकांसाठी एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे आकडे पाहा. पण एकाच आलेखात दोन ठिकाणचे आकडे जोडू नका, कारण आधारवर्ष वेगळं असतं.

शोध घेताना स्पेलिंग आडवं येतं. जुन्या डच वळणात ‘उ’साठी ओ-ई, ‘च’साठी टी-जे, ‘ज’साठी डी-जे आणि ‘य’साठी नुसतं जे वापरत. आजचं सुराबाया किंवा पासुरुआन जुन्या वर्तमानपत्रांच्या डेल्फर संग्रहात आजच्या स्पेलिंगने शोधलं तर फार थोडं हाती लागतं. दोन्ही वळणांनी शोधा. उच्चारात इंग्रजी सी अक्षर तिथे ‘च’ असतं, म्हणून शहराचं नाव चिरेबोन, सिरेबोन नाही. अनेक जावानी माणसांना आडनाव नसतं. माजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंना आद्याक्षर चिकटवू नका. लेखांसाठी ग्रंथपालांकडून एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसेवेचा युजर आयडी मागून घ्या, आणि पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयात एक पूर्ण दिवस काढा.

वेळेचं गणित सरळ आहे. पत्रिकेवर वीस मिनिटं असली तरी दीपप्रज्वलन, सत्कार, बीजभाषण यात सकाळ जाते आणि सत्राध्यक्ष बारा मिनिटं देतात. कधी सातच मिळतात. तिन्ही लांबीच्या आवृत्त्या तयार ठेवा. बारा मिनिटांना साधारण १,३०० शब्द आणि सात स्लाइड पुरतात. सात मिनिटांच्या आवृत्तीत प्रश्न, खोडव्याचा मुद्दा आणि एक तुलना एवढंच राहू द्या. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर भलतीच अक्षरं दाखवते. पीडीएफ प्रत पेनड्राइव्हमध्ये हवी, आणि वीज गेली तर दाखवायला नकाशाची मोठी छापील प्रतही. नकाशावर जावाशेजारी महाराष्ट्र त्याच प्रमाणात काढा. क्षेत्रफळाने जावा आपल्या राज्याच्या निम्म्याहूनही लहान आहे, पण २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १५ कोटींच्या वर भरली. ही दाटी कळली नाही तर खंड, मजुरी, भात यांतलं काहीच कळत नाही.

प्रश्नोत्तरांत संस्कृती हमखास येते. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळाबद्दल, वायांगबद्दल, कुणीतरी विचारणारच. ‘तिथे आपलंच महाभारत आहे’ एवढ्यावर थांबू नका. वायांगमधली द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी असते. सेमार हा शहाणा विदूषक आपल्या महाभारतात नाहीच. आणि खेळ करणारे दालांग बहुतेक मुसलमान असतात. आपलं तिकडे काय गेलं यापेक्षा त्यांनी त्याचं काय केलं हे सांगा.

‘तुम्ही तिथे गेला होतात का?’ असंही विचारतात. गेला नसाल तर नाही म्हणा, आणि कोणत्या कागदांवरून बोलताय ते सांगा.

फलटण तालुक्यातल्या पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र माहीत असलेले एखादे जुने शेतकरी ‘चारशे एकोणीस’ वाणाबद्दल विचारतील. त्याची तयारी ठेवाच. पूर्व जावाच्या प्रयोगकेंद्राने १९२१ मध्ये काढलेल्या पीओजे २८७८ या वाणाने काही वर्षांत जावातली बहुतेक लागवड व्यापली. कोइमतूरला त्याचा को २९० शी संकर झाला आणि त्यातून को ४१९ आला. म्हणजे त्या आजोबांनी तरुणपणी ज्या उसाची मोळी उचलली, त्याचं अर्धं कूळ जावाचं होतं.