झपाट्याने विसरायला लागलेल्या पेशंटचा एमआरआय कसा बघायचा

स्कॅन उघडायच्या आधी घरच्यांना एकच विचारा, हे किती दिवसांत झालं? अल्झायमर वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, पण दोन-अडीच महिन्यांत माणूस घरच्यांची नावं विसरायला लागला, भलतंच बोलायला लागला तर 'वयोमानानुसार मेंदू आकसलाय' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटून येणारी सूज) निघाला तर स्टिरॉइड, आयव्हीआयजीने (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडीज) पेशंट खरंच सुधारू शकतो, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

आता कोरोनल फ्लेअर (समोरून घेतलेले उभे काप, यात सूज पांढरी दिसते) लावा आणि टेम्पोरल लोबच्या (मेंदूचा कानाजवळचा भाग) आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पसवर (आठवणी साठवणारा भाग) थांबा. अल्झायमरमध्ये तो बारीक झालेला असतो, शेजारची पाण्याची जागा रुंदावते, पण तो स्वतः फारसा चमकत नाही. एलजीआय-1 अँटीबॉडीच्या आजारात (ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचाच एक प्रकार) सुरुवातीला तोच फुगलेला आणि पांढरा दिसतो, कधी एकीकडे, कधी दोन्हीकडे. गोची अशी की काही महिन्यांनी सूज उतरली की तोही आकसतो आणि मग स्कॅन थेट अल्झायमरसारखा वाटतो, त्यामुळे जुनी सीडी मागवाच आणि दोन्ही शेजारी लावून बघा. एकाच बाजूला जास्त सूज आणि सोबत ताप असेल तर आधी हर्पिस विषाणूची मेंदूतली सूज धरायची आणि त्यावरचं औषध असायक्लोव्हिर लगेच सुरू करायचं.

नंतर डिफ्युजन (पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणारी एमआरआयची चित्रं), हे कधीच सोडू नका. कॉर्टेक्सच्या (मेंदूचा बाहेरचा थर) कडेने पांढरी रिबन, कॉडेट-पुटामेनही (मेंदूच्या आतले खोल भाग) पांढरे, एडीसीवर (डिफ्युजनसोबतचा नकाशा) तीच जागा काळी, आणि हे सगळं फ्लेअरपेक्षा डिफ्युजनवर जास्त ठळक, तर सीजेडी (क्रॉइट्झफेल्ट-याकोब, मेंदूचा झपाट्याने वाढणारा प्राणघातक आजार). मात्र नुकतीच फिट येऊन गेली असेल तरी कॉर्टेक्स असाच चमकतो, म्हणून फिटचं विचारा आणि शंका असेल तर काही दिवसांनी स्कॅन परत करा, फिटचं बहुतेक वेळा ओसरतं, सीजेडीचं राहतं. शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनचं औषध) दिल्यावर ती जागा उजळली तर सीजेडीवर अडून बसू नका, सीजेडीत ती सहसा उजळत नाही.

पेट (मेंदू कुठे किती साखर वापरतो ते दाखवणारा स्कॅन; जास्त म्हणजे गरम, कमी म्हणजे थंड) केलाच तर एलजीआय-1 मध्ये टेम्पोरलची आतली बाजू आणि बेसल गँग्लिया (कॉडेट-पुटामेन वगैरे) गरम दिसू शकतात, अल्झायमरमध्ये पराइटल (डोक्याच्या वरचा-मागचा भाग) आणि पोस्टिरियर सिंग्युलेट (मधोमध आतला मागचा भाग) थंड. ऑक्सिपिटल (अगदी मागचा भाग) थंड असेल तर जपून, ते एनएमडीए एन्सेफलायटिसमध्येही (ऑटोइम्यूनचाच दुसरा प्रकार) असतं आणि ल्युई बॉडी डिमेन्शियातही (स्मृतिभ्रंशाचा आणखी एक आजार).

आणि एमआरआय नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करू नका, एनएमडीएच्या निम्म्याहून जास्त पेशंटचा सुरुवातीला नॉर्मलच असतो. अँटीबॉडीसाठी रक्त आणि मणक्यातलं पाणी दोन्ही पाठवा, कारण एनएमडीए पाण्यात जास्त खात्रीने सापडते आणि एलजीआय-1 रक्तात. विसरण्यासोबत चेहरा आणि हात एकदम क्षणभर आखडतात, सोडियम कमी आहे असं असेल तर न्यूरोलॉजिस्टना त्याच दिवशी फोन करा, अँटीबॉडीचा रिपोर्ट यायची वाट बघू नका.