खाजनाकाठी गाळ टाकताय? या चुका टाळा

गोव्यात मांडवी, झुवारी किंवा कुंभारजुवे कालव्यातून गाळ उपसला की तो टाकायचा कुठे, हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि बोट दाखवलं जातं काठच्या ‘पडीक’ खाजनाकडे, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या सखल जमिनीकडे. पहिली चूक इथेच होते. ओहोटीला तो पट्टा नीट पाहा. तुतवार पक्षी चिखलात चोच खुपसून चरत असतात, तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले त्याच चिखलात वाढतात. २०११च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांची वेगळी नोंद आहे: खाजनात विकासकामाला परवानगी नाही आणि लगतचं कांदळवन राखायचं आहे. त्यामुळे पंचायतीच्या ठरावावर काम सुरू करू नका, आधी किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जा.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. गाळ ताजा असताना पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) तपासतात, तो सातच्या आसपास येतो आणि सगळे निर्धास्त होतात. पाण्याखालच्या गाळात हवा नसते. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट आणि गाळातलं लोह यांच्यापासून जिवाणूंच्या मदतीने तिथे पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज तयार होतं. गाळ काळा असेल, कुजलेल्या अंड्यासारखा वास मारत असेल, तर हा संशय धराच. असा गाळ ढीग घालून मार्च ते मे वाळवला की पायराइटला हवा लागते, गंधकाम्ल तयार होतं आणि जूनच्या पहिल्या पावसात ते सगळं एकदम ओहोळात उतरतं. भेगांत फिकट पिवळे डाग आणि चरात तांबूस साय या त्याच्या खुणा. कधी चरातलं पाणी अचानक काचेसारखं नितळ होतं. ते पाहून खूश होऊ नका. आम्लामुळे मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं, त्याने गढूळपणा खाली बसतो आणि तेच ॲल्युमिनियम माशांचे कल्ले निकामी करतं.

म्हणून वेगवेगळ्या खोलीचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत हायड्रोजन पेरॉक्साइडची चाचणी करून घ्या. हवेने पुढे जे होणार ते ही चाचणी लगेच दाखवते. तीत पीएच तीनच्या खाली कोसळला, तर तो गाळ वाळू देऊ नका, पाण्याखालीच ठेवा. ते जमत नसेल तर हिशेबाने चुना मिसळल्याशिवाय तो पसरू नका. खनिजाच्या बार्ज जिथून ये-जा करत आल्या आहेत, तिथल्या गाळात लोह आणि मँगनीजही तपासा.

‘आपले पूर्वजही पोंयीतला चिखल बांधावर घालायचेच की,’ असं हमखास ऐकू येतं (पोंय म्हणजे खाजनाच्या आतला पाणसाठा). घालायचे, पण हाताने, थोडा थोडा आणि बांधापुरता. ड्रेजरचा गाळ टिप्परने येतो. कांदळवनातल्या तिवराची श्वसनमुळं चिखलातून जेमतेम वीतभर वर असतात. ती बुजली की झाड गुदमरतं, पण पानं पिवळी पडेपर्यंत महिने जातात आणि तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो. असं झालंच असेल तर ओहोटीला फावड्याने गाळ काढा. पोकलेन आत घातलं तर वाचलेली मुळंही चिरडली जातील.

शेतातलं पाणी निघत नसेल तर लगेच मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, दारं बदलायला काढू नका. आधी बाहेरच्या तोंडाशी गाळ साठलाय का पाहा. ही दारं भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. चौकटीत गाळ अडकला तर ती पुरती मिटत नाहीत आणि खारं पाणी आत येतं. कोरगुट भात खारेपणा सोसतं, पण त्यालाही हद्द आहे. ढिगातून झिरपणारं पाणीही खारंच असतं. त्याचा चर बांधाच्या नदीकडच्या बाजूला काढा, शेताकडे किंवा विहिरीकडे कधीच नको. आणि तो चर नदीला मिळण्याआधी निवळण तळं हवं, नाहीतर बारीक गाळ तिसऱ्यांवर जाऊन बसतो.

ओला गाळ पुढे आकसतो, म्हणून ढिगाची उंची पहिल्या दिवशी मोजून बिल मंजूर करू नका. पाऊस सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे चराच्या तोंडाशी पीएच आणि खारेपणा मोजायचं काम कोणाचं, हे करारातच लिहून घ्या.