फेलोशिपच्या अर्जासाठी शिफारसपत्र कोणाकडे मागावे?

अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपच्या अर्जाला तीन शिफारसपत्रे लागतात. तिला किमान तीन वर्षांच्या पूर्णवेळ कामाचा अनुभवही आवश्यक असल्यामुळे तिन्ही पत्रे महाविद्यालयातून आणणे फारसे उपयोगाचे नाही. एक पत्र प्राध्यापकांचे आणि दोन कामाच्या ठिकाणची, ही विभागणी बहुतेकांना सोयीची पडते.

आपल्याकडे पहिला मोह पदाचा होतो. परंतु ज्या कुलगुरूंनी अर्जदाराला केवळ पदवीदान समारंभात पाहिले, ते ‘हुशार, मेहनती व नम्र’ यापलीकडे काय लिहिणार? त्याउलट, टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदी जुळत नाहीत हे लक्षात आल्यावर अर्जदाराने स्वतः गावोगाव जाऊन विहिरींची पातळी मोजली, हे ज्या उपअभियंत्याने पाहिले आहे, त्याचे पत्र निवड समितीला काहीतरी ठोस सांगते. म्हणून विनंती करताना, ‘माझ्या कामाविषयी सविस्तर लिहिण्याइतकी माहिती आपल्याला आहे असे वाटते का?’ असे स्पष्ट विचारावे. उत्तर ‘बघू, पाठवून ठेवा’ असे आले, तर आभार मानून दुसरे नाव शोधावे.

खरी अडचण पुढे येते. ‘तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो,’ असे अनेक सर आणि साहेब सहज म्हणतात, आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. तरीही मसुदा लिहून देऊ नये. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतात, शिवाय पत्र शिफारसकर्त्याने स्वतः ऑनलाइन सादर करायचे असते. त्याऐवजी एक पानाचे टिपण द्यावे: कोणते काम एकत्र केले, त्यात आपला वाटा कोणता होता, त्यातून काय निष्पन्न झाले. सोबत उद्दिष्टनिवेदनाचा, म्हणजे काय शिकायचे आहे आणि कशासाठी हे सांगणाऱ्या अर्जातील निबंधाचा, कच्चा मसुदा जोडावा. प्रत्येकाला वेगळ्या कामाची आठवण करून दिली, म्हणजे तिन्ही पत्रांत तेच ते येत नाही. विशेषणे मात्र त्यांची त्यांना सुचू द्यावीत.

अलीकडच्या वर्षांत अर्जाची मुदत मे महिन्यात संपत आली आहे, आणि नेमक्या त्याच सुमारास प्राध्यापक परीक्षा व उत्तरपत्रिकांच्या तपासणीत अडकलेले असतात. त्यामुळे विनंती मार्चमध्येच करावी, आणि मुदतीच्या दहा-बारा दिवस आधी एकदा नम्रपणे आठवण द्यावी.