अर्जात मकसद आधी लिहा

फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, अर्ज करायचा म्हटलं की आपल्याकडचे लोक तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात जातात. तिथला पोरगा 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की' इथून सुरुवात करतो आणि पान भरून टाकतो. मी पलटणीत क्लार्क होतो, सुभेदार होऊन घरी आलो. असे अर्ज टेबलावर यायचे तेव्हा अर्जदाराला नेमकं काय हवंय हे शोधावं लागायचं. आता अहमदपूरकडच्या माजी सैनिकांचे आणि त्यांच्या माघारी राहिलेल्या बायकांचे अर्ज मी लिहून देतो.

फौजेत लढाईचा हुकूम असा देत नाहीत. त्याचा क्रम ठरलेला: खबर, मकसद, तरीका, प्रशासन, कमांड आणि सिग्नल. मकसद एका वाक्यात, आणि तोही दोनदा सांगायचा. बाकी काही विसरलं तरी तेवढं जवानाच्या डोक्यात राहिलं पाहिजे. तीच फौज कार्यालयात तीन ओळींच्या गोष्टीला दोन पानं लावते, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या दोन पानांपायी कुणाची तरी पेन्शन अडकलेली असते. 1940 च्या ऑगस्टमध्ये, ऐन युद्धात, चर्चिलनं आपल्या खात्यांना लेखी बजावलं होतं की अहवाल छोटे आणि मुद्द्याचे लिहा, किचकट तपशील परिशिष्टात टाका. आपला अर्जही तसाच असावा.

आपल्या भागात सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. भरती झाल्यावर नवऱ्यानं बायकोचं नाव 'गंगा' सांगितलं, आधारवर 'गंगाबाई' आलं. कुणाचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. जन्मतारखेचंही तसंच, शाळेत गुरुजींनी 1 जून लिहिली आणि ती जन्माला चिकटली. नवरा हयात असेपर्यंत हे कुणाला दिसत नाही. तो गेल्यावर फॅमिली पेन्शनच्या वेळी 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेवर नाव जुळत नाही आणि काकू चकरा मारत बसतात. म्हणून फौजीभाऊ, तुम्ही हयात आहात तोवर डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा.

फरक दिसला की अर्ज एवढाच. डोक्यावर सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. मग:

'विषय: पत्नीच्या नावात दुरुस्ती.
1. माझ्या पत्नीचे नाव सेवा अभिलेखात व पीपीओत गंगाबाई असे करावे.
2. अभिलेखात गंगा, आधार व बँक खात्यात गंगाबाई आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.
3. सोबत: प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत, डिस्चार्ज बुकातील नोंदीची प्रत.
4. आणखी कागद लागत असल्यास सर्वांची यादी एकाच पत्रात कळवावी.'

चौथी ओळ कधीच गाळू नका. ती नसली की आज एक कागद मागतात, दोन महिन्यांनी दुसरा. आणि सीमेवर किती वर्षं काढली, घरची परिस्थिती किती बिकट, हे या अर्जात नको. ते खरं असतं, मला ते लिहून घेताना त्रासही होतो, पण नावाची नोंद कागद बघून बदलते. राज्याबाहेरच्या रेकॉर्डला पाठवायचा असेल तर हाच मजकूर साध्या हिंदीत लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही अर्ज दाखवून घ्या.

आता उत्तर कसं वाचायचं. त्यात फक्त तीन गोष्टींवर पेन्सिलीनं खूण करा: कुणी, काय, केव्हापर्यंत. 'प्रकरण वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवण्यात आले असून कार्यवाही प्रगतिपथावर आहे' या वाक्यात तिन्हीपैकी एकही नाही. अशा उत्तरावर आभाराचं पत्र लिहू नका. उलट एका ओळीत विचारा: कोणत्या कार्यालयाकडे, कोणत्या पत्र क्रमांकानं, कोणत्या तारखेला पाठवलं? खरंच पाठवलं असेल तर हे तिन्ही आवक-जावक रजिस्टरमध्ये असतं.

त्यालाही उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली हेच तीन प्रश्न विचारा. 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती त्याच अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.