कोकणातून सोलापुरात राहायला आलात? आधी इथली हवा ओळखा

22 वर्षांपूर्वी रत्नागिरीहून सोलापुरात आले, तेव्हा माझ्या हाताला सगळी सवय ओल्या हवेची होती. आपल्याकडे पापड उघडा राहिला की सादळतो, पावसाळ्यात मसाल्याला बुरशी धरते. इथे पाला सडण्याआधी सुकतो, आणि सोलापूरचं जेवण या कोरड्या हवेवरच उभं आहे. कडक भाकरी बघा: पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळवलेली. ओल लागू दिली नाही तर महिनाभर टिकते. आमटीत कुस्करली, वर शेंगाचटणी घेतली, की रात्रीचं जेवण झालं.

माझी पहिली चूक पिठाची. एकदम 10 किलो ज्वारी दळून आणली. काही दिवसांनी पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेला; थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना भाकरी मोडायची. शेजारच्या आक्कांनी समजावलं, धान्य वर्षाचं भरायचं, पीठ आठवड्याचं दळायचं. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते, तेव्हा मालदांडी जातीची मागा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. धान्याला कडक ऊन द्या, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात भरा. आणि विरी गेलेलं पीठ टाकू नका. उकळत्या पाण्यात उकड काढून मळलं की भाकरी होते, नाहीतर थालिपीठ.

दुसरी चूक कांद्याची. हिवाळ्यात बाजार समितीत लाल कांद्याचे ढीग लागतात, भाव उतरला की मोह होतो. मी पोतं घेतलं आणि निम्मं सडलं. लाल कांद्यात पाणी जास्त, तो आठवड्यापुरताच घ्यावा. साठवायचा तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मेमधला. हवेशीर जागी पसरून ठेवला की चार-पाच महिने जातो.

थंडीतली एक गोष्ट मात्र मनापासून शिकून घ्या. मंडईत हरभऱ्याचा कोवळा पाला येतो. त्याच्या अंगची आंबट चव धुतल्यावर कमी होते, म्हणून इथे बऱ्याच घरी तो नुसता निवडून, झटकून घेतात. ताजी भाजी करा, आणि दोन जुड्या जास्तीच्या आणून सावलीत वाळवा. हातानं चुरून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मे महिन्यात पालेभाजी महाग आणि कोमेजलेली मिळते, तेव्हा लसणाची फोडणी, शेंगदाण्याचं कूट आणि हा मूठभर चुरा. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा विश्वास बसला नाही की ही जानेवारीची भाजी आहे.

हुरड्याचं उलट. तो त्याच दिवशीचा. दुसऱ्या दिवशी गोडी उतरते, मग उरलेला थालिपिठात घाला. भोगीला सगळ्या भाज्यांची थोडी थोडी खरेदी होते. उरलेली गाजरं, वालपापडी, हिरवा हरभरा दुसऱ्या दिवशीच्या खिचडीत जाऊ द्या.

कुळीथ गावाहून आणू नका. इथे हुलगे म्हणून मागा, त्याचे शेंगोळे इथल्या बायकांकडून शिका. आमसुलं मात्र जरूर आणा. पारा 42 अंशांवर गेला की दुपारी त्यांचं सारच बरं वाटतं, आणि आक्कांच्या घरीही एक वाटी पाठवता येते.