काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट वाचायचा कसा: लॉच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी

लॉला प्रवेश झाला की पुण्यात बहुतेक जण अप्पा बळवंत चौकात जातात आणि एक जाडजूड टेक्स्टबुक आणि एक पातळ गाइड घेऊन येतात. टेक्स्टबुक कपाटात जातं, गाइड परीक्षेच्या आदल्या रात्री निघतं. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याची छोटी पुस्तिका, या दोन्हींपेक्षा स्वस्त असते आणि नेमकी तीच घ्यायची राहते. मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करते. इंटर्नशिपला येणाऱ्या मुलामुलींना माझा पहिला प्रश्न असतो, बेअर अ‍ॅक्ट आणलायत का? काँट्रॅक्ट्ससारखा विषय गाइडमधून पास होता येतो, पण येत नाही. तो येतो कलमाची वाक्यं एकेका शब्दावर थांबून वाचली, आणि शेजारी एखादा खराखुरा करार उघडून ठेवला, तर.

काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट, म्हणजे आपला करार कायदा, १ सप्टेंबर १८७२ पासून लागू आहे. पुस्तिका चाळताना मधली कलमं गायब दिसली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. ७६ ते १२३ ही मालविक्रीची कलमं १९३० साली वेगळ्या कायद्यात गेली, आणि २३९ ते २६६ ही भागीदारीची १९३२ साली. उरलेल्यांपैकी पहिली ७५ कलमं म्हणजे सगळ्या करारांना लागू होणारी तत्त्वं. कलम १२४ पासून पुढे हमी, तारण, एजन्सी वगैरे खास प्रकार येतात, ते नंतर बघा.

सुरुवात कलम २ पासून करा आणि त्यातल्या व्याख्या सुट्या पाठ करू नका, कारण त्या एकमेकींवर उभ्या आहेत. ऑफर स्वीकारली की ते प्रॉमिस. प्रॉमिसला कन्सिडरेशन, म्हणजे मोबदला, जोडला की अ‍ॅग्रीमेंट. आणि कायद्याने बजावता येईल असं अ‍ॅग्रीमेंट म्हणजे काँट्रॅक्ट. कुठलं अ‍ॅग्रीमेंट बजावता येतं ते कलम १० सांगतं: संमती मुक्त हवी, पक्ष सक्षम हवेत, मोबदला आणि हेतू कायदेशीर हवेत, आणि कायद्याने ते आधीच रद्दबातल ठरवलेलं नसावं. कलम ११ पासून ३० पर्यंतचा सगळा पसारा म्हणजे या एका वाक्यातल्या शब्दांचा खुलासा आहे. हे लक्षात आलं की अर्ध्या पेपरचा सांगाडा डोक्यात बसतो.

आता दृष्टांत, म्हणजे कलम समजावायला कायद्यानेच दिलेली उदाहरणं. कलमाखाली बारीक टाइपात छापलेले असतात म्हणून विद्यार्थी ते सोडून देतात. माझ्या मते अख्ख्या कायद्यात शिकण्यासारखा सगळ्यात चांगला भाग तोच. कलम २५ खाली एक आहे: एक जण १,००० रुपये किमतीचा घोडा १० रुपयांना विकायला कबूल होतो, आणि त्याची संमती मुक्त आहे. करार वैध. लगेच पुढचा दृष्टांत तोच घोडा आणि तेच १० रुपये घेतो, पण विकणारा म्हणतो, माझी संमती मुक्त नव्हती. मग इतकी कमी किंमत हा मुद्दा कोर्टाने विचारात घ्यायचा. मोबदला पुरेसा आहे की नाही हे कोर्ट तपासत नाही, पण तो हास्यास्पद कमी असेल तर संमतीबद्दल शंका घ्यायला ती जागा होते. कोथरूडचा फ्लॅट आजोबांनी सांभाळ करणाऱ्या ओळखीच्याला कवडीमोलाने लिहून दिला आणि मुलं कोर्टात आली, तर वकिलांचं सगळं भांडण या दोन दृष्टांतांच्या मधल्या जागेत चालतं.

कायदा करणाऱ्यांना घोड्यांचं फार वेड असावं. कलम १७ मध्येही घोडाच आहे. घोड्यात खोड आहे हे विकणारा सांगत नाही, तर नुसतं गप्प बसणं म्हणजे कपट नाही. पण घेणारी व्यक्ती त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर बापाने सांगायलाच हवं. आणि घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन’, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प बसणं बोलण्याइतकंच. एकच घोडा, तीन परिस्थिती, तीन वेगळी उत्तरं नाहीत तर दोनच. कुठली दोन एका बाजूला पडतात आणि का, हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. प्रॉब्लेम क्वेश्चनची, म्हणजे घटना देऊन कायदा लावायला सांगणाऱ्या प्रश्नाची, याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

केस लॉबद्दल, म्हणजे कोर्टांच्या आधीच्या निकालांबद्दल, थोडं स्पष्ट बोलते. केसची नावं आणि सालं घोकणं हा वेळेचा अपव्यय आहे. घटना, प्रश्न आणि कोर्टाने कलमातल्या कुठल्या शब्दाला हात घातला, एवढं हवं. आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे भगवानदास केडिया खटला, सर्वोच्च न्यायालयाचा, १९६६ च्या रिपोर्टांत छापलेला. सौदा सरकीच्या पेंडीचा, फोनवरून ठरलेला. एक पार्टी अहमदाबादची, दुसरी खामगावची. अहमदाबादहून ऑफर गेली, खामगावहून होकार आला. पेंड आली नाही म्हणून अहमदाबादला दावा लागला, तेव्हा खामगावकर म्हणाले, आम्ही होकार दिला तो खामगावात, म्हणजे करार तिथला. बहुमताने निकाल लागला की फोनवर होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबाद. न्यायमूर्ती हिदायतुल्ला मात्र वेगळं म्हणाले. त्यांनी कलम ४ चे शब्द धरले: ऑफर देणाऱ्यापुरती स्वीकृती पूर्ण होते ती पाठवली जाते आणि स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटते तेव्हा. शब्द बोलला तो खामगावात, मग करारही खामगावचा. तुम्ही बहुमताचा निकाल पाठ कराल, ते बरोबरच आहे. पण कलम ४ समोर ठेवून हिदायतुल्लांचा मुद्दा खोडून दाखवा. सोपं नाही.

पाच वर्षांच्या कोर्सला आलेल्यांपैकी काही जण अजून सतरा वर्षांचेच असतात, तरी पीजीच्या (पेइंग गेस्ट म्हणून राहायच्या) फॉर्मवर सही त्यांनीच केलेली असते. हा प्रश्न मी मुद्दाम त्यांना विचारते: तुझ्या सहीला किंमत काय? कलम ११ वाचलं तर ते फक्त सांगतं की सज्ञान माणूस करार करायला सक्षम आहे. अज्ञानाच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीच्या, कराराचं काय होतं ते तिथे लिहिलेलंच नाही. म्हणून तर तो करार मुळातच रद्दबातल की फक्त अज्ञानाच्या मर्जीवर रद्द होणारा, यावर आपल्याकडच्या न्यायालयांत मतभेद होते. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहोरी बीबीच्या खटल्यात कलम १० आणि ११ एकत्र वाचून सांगितलं की तो करारच नाही. त्या खटल्यातली एक गोष्ट गाइडमध्ये सहसा नसते: गहाण लिहून देणारा मुलगा अज्ञान आहे हे सावकाराच्या माणसाला माहीत होतं. ‘याने वयाबद्दल फसवलं’ हा बचाव तिथेच लंगडा झाला. मग पीजीवाल्या मावशींचं काय, पैसे बुडाले? नाही. कलम ६८ बघा. अज्ञानाला त्याच्या राहणीमानाला साजेशा गरजेच्या गोष्टी पुरवल्या तर खर्च त्याच्या मालमत्तेतून वसूल करता येतो. मालमत्तेतून, त्याच्याकडून व्यक्तिशः नाही. हा फरक लिहिला की परीक्षकाला कळतं की कलम वाचलंय.

पण सगळ्यात जवळचा करार म्हणजे तुमच्या रूमचा भाडेकरार. डेक्कन, कर्वेनगर, लॉ कॉलेज रोड, कुठेही राहत असा, त्याची एक प्रत मागून घ्या. एजंट सांगेल, ‘अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर करायची गरज नाही.’ ही अकरा महिन्यांची प्रथा नोंदणी कायद्यातून आली, तिथे एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा सक्तीने नोंदवावा लागतो. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ आहे. भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. आता पुन्हा करार कायद्याचं कलम १० काढा आणि त्याचा दुसरा परिच्छेद वाचा. करार लेखीच हवा असं हा कायदा म्हणत नाही, पण दुसऱ्या कुठल्या कायद्याने लेखी किंवा नोंदणी मागितली असेल तर ती अट तशीच राहते. वर्गात झोप आणणारा तो परिच्छेद एजंटशी बोलताना एकदम जागा होतो.

त्याच करारात पुढे बहुधा असं असेल: मुदतीआधी रूम सोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त. इथे कलम ७४ येतं. करारात रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप मिळत नाही, तिच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. कलमात ‘नुकसान सिद्ध झालं असो वा नसो’ असे शब्द आहेत आणि ते वाचून लोक गोंधळतात. २०१५ च्या कैलाशनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्थ लावला: नुकसान झालेलंच नसेल तर भरपाई नाही. मोजायला अवघड असेल तेव्हाच सिद्ध करण्यातून सूट. तिथे दिल्ली विकास प्राधिकरणाने इसाऱ्याची रक्कम जप्त केली होती आणि तोच भूखंड नंतर कितीतरी जास्त किमतीला विकला होता. मग नुकसान कसलं? रक्कम परत करावी लागली. तुमच्या घरमालकाला पुढच्या आठवड्यात नवा भाडेकरू मिळाला तर हिशेब काय होईल ते स्वतः मांडा. खरेदीच्या व्यवहारातल्या विसार पावतीवर ‘विसार जप्त होईल’ असं लिहिलेलं दिसलं, तरी आधी याच कलमाकडे जायचं.

दुसरा कागद तुमच्या भावाबहिणीकडे किंवा मित्राकडे असेल: हिंजवडीतल्या नोकरीचा बाँड. ‘दोन वर्षांत सोडलं तर इतके लाख’ आणि ‘सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही’ या दोन अटी एकाच पानावर असतात आणि दोन्ही एकच वाटतात. कलम २७ धंद्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवतं. नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला त्याचा सरळ फटका बसतो. नोकरी चालू असतानाच्या बंधनाचं तसं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये ही अट उचलून धरली. तेव्हापासून काही ठिकाणचे एचआरवाले हा निकाल नाचवतात. त्यांना म्हणावं, पूर्ण वाचा. सार्वजनिक बँकेला जाहिरात देऊन खुली भरती करावी लागते, तिचा खर्च मोठा असतो, आणि त्या अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने रक्कम अवाजवी नव्हती, हे त्या निकालातले आधार आहेत. कॅम्पसवरून उचललेल्या आणि कसलंही खास ट्रेनिंग न दिलेल्या फ्रेशरकडून मागितलेल्या रकमेला ते जसेच्या तसे लागू होतातच असं नाही.

उत्तरपत्रिकेबद्दल एकच. ‘मनुष्य हा समाजशील प्राणी आहे’ अशी सुरुवात करू नका. पहिल्या ओळीत वादाचा मुद्दा लिहा, मग कलमाचे नेमके शब्द, मग ते शब्द दिलेल्या घटनेतल्या कुठल्या गोष्टीला लागतात ते. केस त्यानंतर, आणि आठवली तरच. केसचं नाव चुकलं तर थोडे मार्क जातील. पण प्रश्नात ‘वय १७’ असं लिहिलेलं असताना तुम्ही कलम १६ वर, म्हणजे गैरवाजवी प्रभावावर, दोन पानं भरली, तर कुठलाच परीक्षक तुम्हाला वाचवू शकणार नाही.