कंडिशन अशी लिहा की मोठ्याने वाचता येईल

प्रोग्राममध्ये ‘असं असेल तर हे कर’ ठरवणारी अट म्हणजे कंडिशन. एसटीच्या तिकिटाचं उदाहरण घेऊ, कारण हे नियम आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बारा अर्धं तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात मोफत प्रवास. १७ मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत. कंडक्टर हे सगळं धावत्या गाडीत, उभ्याउभ्या लावतो. आपल्याला हेच एका फंक्शनमध्ये, म्हणजे एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात, लिहायचं आहे.

लोकांचा हात बऱ्याचदा एका युक्तीकडे जातो. पुष्कळ प्रोग्रामिंग भाषांमध्ये हिशेबात ‘खरं’ म्हणजे १ आणि ‘खोटं’ म्हणजे ० धरतात. मग इफ (‘जर-तर’च्या ओळी) कशाला हवेत, नुसता गुणाकार करू:

    भाडं × (१ − ०.५ × महिला) × (१ − ०.५ × लहान) × (१ − ०.५ × ज्येष्ठ) × (वय ≥ ५) × (वय < ७५)

एक ओळ, एकही इफ नाही. चाळीस वर्षांचा पुरुष, पूर्ण भाडं. चाळीस वर्षांची बाई, अर्धं. आठ वर्षांचा मुलगा, अर्धं. ऐंशीचे आजोबा, शून्य. सगळं बरोबर येतं आणि ओळ पुढे जाते. आता आठ वर्षांची मुलगी बसवा. भाडं १०० रुपये असेल तर उत्तर येतं २५. सत्तर वर्षांच्या आजीचंही २५. दोघींचं तिकीट अर्धंच आहे, पण गुणाकाराने सवलतीवर सवलत दिली. ही चूक ओळीत कुठेच दिसत नाही, कारण नियमच ओळीत दिसत नाही. माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं: कंडिशन मोठ्याने वाचली की नियम ऐकू आला पाहिजे.

आधी नियम मराठीत लिहा

कोडच्या आधी कागद घ्या आणि प्रत्येक नियम एकेका वाक्यात लिहा. लिहिताना पहिला फायदा होतो तो प्रश्न पडण्याचा. ‘पाच ते बारा’ म्हणजे बारावा वाढदिवस झालेला मुलगा अर्ध्यात की पूर्णात? ‘पंचाहत्तरीपुढे’ म्हणजे पंचाहत्तर पूर्ण की शहात्तर? बोलताना हे चालून जातं, मशीनला मात्र एक बाजू निवडावीच लागते. एका ओळीच्या युक्तीत आपण ‘<’ की ‘≤’ हे बोटांच्या सवयीने टाकतो आणि प्रश्न कुणाला विचारायचाच राहून जातो. ज्याने नियम दिला त्याला विचारा. इथे उत्तर ‘बारा पूर्ण होईपर्यंत अर्धं, पंचाहत्तर पूर्ण झाली की मोफत’ असं आलं असं धरू.

प्रत्येक अटीला नाव द्या आणि उत्तर मिळालं की तिथूनच परता

खालचा कोड कुठल्या एका भाषेतला नाही. तुमच्या भाषेतले इफ आणि रिटर्न त्यात घाला.

    फंक्शन एसटी_भाडं(पूर्ण_भाडं, वय, महिला)
        मोफत_प्रवास = वय < ५ किंवा वय ≥ ७५
        जर मोफत_प्रवास तर परत ०

        अर्धं_तिकीट = वय < १२ किंवा वय ≥ ६५ किंवा महिला
        जर अर्धं_तिकीट तर परत पूर्ण_भाडं / २

        परत पूर्ण_भाडं

हे वाचून पाहा. मोफत असेल तर शून्य, अर्धं असेल तर निम्मं, नाहीतर पूर्ण. आठ वर्षांच्या मुलीला ‘वय < १२’ही लागू होतं आणि ‘महिला’ही, पण ‘किंवा’मुळे दोन्ही मिळून सवलत एकदाच मिळते. ऐंशीच्या आजी अर्ध्या तिकिटाच्या ओळीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे नियमांचा क्रम हाही नियमाचाच भाग आहे, आणि तो आता डोळ्यांना दिसतो. मोफतवाले वरच बाहेर पडले म्हणून दुसऱ्या अटीत ‘५ पेक्षा जास्त’, ‘७५ पेक्षा कमी’ हे पुन्हा लिहावं लागलं नाही. इफच्या पोटात इफ, त्याच्या पोटात आणखी इफ अशी उतरंड रचली असती, तर वाचणाऱ्याला चार गोष्टी डोक्यात धरून पाचवी वाचावी लागली असती.

‘आणि-किंवा’च्या करामती टाळा

पायथनमध्ये एके काळी ‘अट आणि अ किंवा ब’ अशी एक ओळ लोकप्रिय होती. अट खरी असेल तर अ मिळावा, नाहीतर ब, अशी अपेक्षा. बहुतेक वेळा ती चालायची. आता आपल्या ऐंशीच्या आजींना लावून बघा:

    भाडं = मोफत_प्रवास आणि ० किंवा पूर्ण_भाडं

मोफत_प्रवास खरं आहे, म्हणून हाती येतो ०. पण पायथनच्या लेखी ० म्हणजे खोटं, म्हणून गाडी ‘किंवा’च्या पलीकडे जाते आणि आजींच्या हातात पूर्ण भाड्याचं तिकीट पडतं. अशा फसव्या ओळी लोक लिहीत राहिले, म्हणून २००६ मध्ये पायथन २.५ मध्ये यासाठी सरळ रचना आणली गेली. जावास्क्रिप्टमध्येही हाच खड्डा आहे: सवलत ठरलेली नसेल तर १० धर, असं दोन उभ्या रेघांनी (हे तिथलं ‘किंवा’चं चिन्ह) लिहिलं, की मुद्दाम दिलेली ० टक्के सवलतसुद्धा १० होते. त्यासाठी २०२० मध्ये दोन प्रश्नचिन्हांचं वेगळं चिन्ह भाषेत आलं. तुमच्या कोडमध्ये शून्य किंवा रिकामा मजकूर हे खरोखरचं उत्तर असू शकत असेल, तर ‘आणि-किंवा’वर उत्तर काढू नका.

‘वय ५ किंवा ६ असेल तर’ हे मराठीत बरोबर आहे. कोडमध्ये मात्र ‘वय == ५ किंवा ६’ लिहिलं की पुष्कळ भाषांत अट कायमच खरी ठरते, कारण नुसता ६ म्हणजे खरं. दोन्हीकडे ‘वय ==’ लिहा.

‘आणि’ व ‘किंवा’ एकत्र आले की कंस घालाच. ‘महिला किंवा ज्येष्ठ आणि ओळखपत्र_आहे’ या ओळीत बहुतेक भाषा ‘आणि’ आधी सोडवतात, म्हणजे ओळखपत्राची अट फक्त ज्येष्ठांना लागते. तुम्हाला तसंच हवं असेल तरीही कंस घाला. पुढच्या माणसाला अग्रक्रमाचा तक्ता उघडायला लावणं बरं नव्हे.

नकार कमी करा

‘अपात्र_नाही == खोटं’ अशी ओळ मी रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, वाचली आहे आणि तिचा अर्थ लावायला कागद घ्यावा लागला. नावं होकारार्थी ठेवा: पात्र, चालू, भरलेलं. लांब अटीवर बाहेरून नकार बसला असेल तर तो आत नेऊन वाचायला सोपा होतो का बघा. नियम साधा आहे: नकार आत शिरला की ‘किंवा’चं ‘आणि’ होतं आणि ‘आणि’चं ‘किंवा’. ‘लहान किंवा ज्येष्ठ किंवा महिला’ यांतलं काहीच नाही, म्हणजे लहान नाही आणि ज्येष्ठ नाही आणि महिला नाही. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईला जन्मले, हे मला फार उशिरा कळलं आणि खूप आवडलं.

टर्नरी एकदाच, आणि इफला कंस नेहमी

टर्नरी म्हणजे ‘अट खरी तर हे, नाहीतर ते’ एकाच ओळीत लिहिण्याची रचना. दोनच पर्याय आणि छोटी उत्तरं असतील तर ती छान आहे. टर्नरीत टर्नरी नको. कंसाशिवाय एकात एक घातलेल्या टर्नरी पीएचपी ही भाषा डावीकडून जोडायची, बाकीच्या बऱ्याच भाषांच्या उलट. पीएचपी ८ पासून तसं लिहिलं तर थेट एररच येते. गो भाषेत तर टर्नरी ठेवलेलीच नाही.

एका ओळीचा इफ असला तरी महिरपी कंस घाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीचा अपडेट काढावा लागला. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ (म्हणजे पुढचं सोडून थेट शेवटच्या भागात उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली होती. कंस नसल्यामुळे दुसरी ओळ इफच्या बाहेर गेली, कायम चालू लागली आणि खरी तपासणी वगळली जाऊ लागली. ओळ बाकी ओळींइतकीच आत सरकवलेली होती, त्यामुळे डोळ्यांना ती इफच्या आतलीच वाटायची.

वेगाचं कारण देऊन कुणी युक्ती पुढे केली तर आधी मोजून दाखवायला सांगा. साध्या इफचं काम कंपायलर (आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) बहुतेक वेळा चांगलंच करतो.

कडेची वयं तपासा

शेवटी टेस्ट लिहा, आणि त्या मधल्या वयांच्या नकोत. ४ आणि ५, ११ आणि १२, ६४ आणि ६५, ७४ आणि ७५. प्रत्येक वय एकदा पुरुषाचं, एकदा महिलेचं. एकूण १६ ओळी होतात. प्रत्येकीसमोर अपेक्षित भाडं आधी हाताने लिहा, मगच कोड चालवा. त्याखाली आठ वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची आजी अशा आणखी दोन ओळी घाला. १०० रुपयांच्या भाड्याला दोघींसमोर ५० आलं पाहिजे.